लिंबायतची पहिली रांग

उधना मागे पडलं, सुरत आलं, तरी माझं प्रवचन तयार नव्हतं. पिशवीत जुने सहा कागद होते, वसईत दोनदा वाचून झालेले. सुरतच्या लिंबायत भागातल्या मराठी कॅथलिक कुटुंबांना आपल्या भाषेत देवशब्द ऐकायचा होता, म्हणून फादरांनी रविवारच्या प्रार्थनासभेसाठी मला, एका प्रापंचिकाला, पाठवलं. मी होकार दिला आणि तयारी केली नाही. ही माझी जुनी खोड.

स्टेशनबाहेर खमणी (डाळीचा फोडणीचा चुरा, वर शेव) खाल्ली. रिक्षावाल्याने आधी पांडेसऱ्याला नेलं. "मराठी लोग तो इधर भी हैं," तो शांतपणे म्हणाला. पाऊण तास उशीर झाला. लिंबायतच्या गल्लीत रविवारीही माग खडखडत होते.

सभा धुळ्याकडच्या मार्थाबाईंच्या खोलीत होती. त्यांचा मुलगा योहान मागावर कामाला. तो पाळी बदलून आला होता. आमच्याकडे पुरुष प्रवचनाला दाराशी उभे राहतात, मीही राहतो. इथे ते अगदी माझ्या पायाशी बसले. मी सुखावलो. येशूचा पेरणाऱ्याचा दाखला वाचला (बी म्हणजे देवशब्द; काही वाटेवर पडतं आणि पाखरं खातात, काही चांगल्या जमिनीत रुजतं) आणि कागद काढले.

थोड्या वेळाने योहान मान वाकडी करून कागदाखालून पाहू लागला. मग शेजारचाही. थट्टा चाललीय असं वाटून मी आवाज चढवला.

"भाऊ, वरडू नका," मार्थाबाई म्हणाल्या. "तुमनं तोंड दिखत नही (तुमचं तोंड दिसत नाही). लूमवर यांचे कान गेले. हे ओठ पाहून समजतात. कागदाला काय सांगता, त्याचा काही बाप्तिस्मा झालेला नाही."

सगळे हसले. मी कागद खाली ठेवले आणि लक्षात आलं, मला त्यातलं एक वाक्यही आठवत नाही.

"मी तयारी न करता आलो. क्षमा करा," मी तोंड वर करून सावकाश म्हणालो. "बी चांगलं आहे, एवढं मला माहीत आहे."

योहानने ते शब्द ओठांनी पुन्हा उच्चारले. मग मोठ्याने म्हणाला, "दादा, बी चांगलं, समजलं. पण वाटेवर पडलं त्याचं काय? मी तसाच आहे. ऐकतो, दुपारपर्यंत काही उरत नाही."

मी दाखला पुन्हा वाचला, या वेळी त्याच्याकडे पाहत, एकेक ओळ थांबून. म्हणालो, "वाट तुडवून कडक होते. नांगरावी लागते. माझीही नांगरलेली नाही."

"मग मागावर रोज एक ओळ म्हणतो," योहान म्हणाला. "तिथे ओठांनीच बोलतो आम्ही."

परतीच्या गाडीत, मी किती प्रवचनं वाया घालवली ते आठवत राहिलं. सांगितलेली, आणि त्याहून जास्त, दाराशी उभं राहून न ऐकलेली. यापुढे तसं होऊ द्यायचं नाही, हे ठरवूनच वसईला उतरलो.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा (रविवारची उपासना) संपल्यावर फादरांना गाठलं. "तुमच्या प्रवचनातला दुसरा मुद्दा नीट कळला नाही. पुन्हा सांगाल?"

ते गोंधळले. हे त्यांना बहुधा कधी कुणी विचारलं नव्हतं. मग झगा न उतरवताच बाकावर बसले आणि मला शेजारी जागा केली.