अक्कांच्या छत्रीची जागा

मैदानावर आल्या आल्या आमच्या टीममधल्या वडीलधाऱ्या अक्का लोखंडी दांड्याची मोठी छत्री जमिनीत रोवायच्या आणि टाचेनं दाबून पक्की करायच्या. मग बांगड्या, जोडवी डब्याच्या झाकणात काढून ठेवायच्या आणि आम्हाला दरडावायच्या, "लोखंड सगळं छत्रीखाली. गाडीजवळ नोको." दुपारी डबे घेऊन आम्ही सगळे त्याच छत्रीखाली जेवायला बसायचो.

गाडी म्हणजे सेन्सरची हातगाडी. ती जमिनीत विद्युतचुंबकीय लहर सोडते आणि आतला धातू तिला उत्तर देतो. पत्र्याचं उत्तर लगेच विरतं, जाड तोफगोळ्याचं रेंगाळतं. त्यावरून खाली न फुटलेला गोळा आहे की नुसतं भंगार, हे ओळखणारा प्रोग्राम आम्ही चेन्नईत पेरुंगुडीच्या ऑफिसात लिहीत होतो. चाचणीसाठी शहराबाहेर, गुम्मिडिपूंडीच्या अलीकडे एक मैदान भाड्यानं घेतलं होतं. तिथं अक्का स्वतः रिकामे गोळे आणि भंगार पुरायच्या.

अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या, मी कोल्हापूरचा. माझी मराठी ऐकून त्यांना हसू यायचं, त्यांची ऐकून मला. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, रागावतं खूप आणि चटणीचा डबा मात्र आधी आपल्यापुढे सरकवतं. अक्का तर लाडानं सगळ्यांनाच 'कन्ना' म्हणायच्या. त्यांना एक खोड होती. न सांगता एखादा जास्तीचा गोळा पुरून ठेवायच्या आणि आम्हाला तो सापडला नाही की दिवसभर चिडवायच्या.

एकदा भाचीच्या लग्नासाठी त्या शहरातच, मैलापुरात राहिल्या. छत्री त्यांच्याच कारमध्ये. त्यामुळे आम्ही डबे फाटकापाशी ठेवले होते. गाडी फिरवायची एक रांग संपल्यावर माझ्या कामातल्या जोडीदारानं, सेल्वमनं, ती छत्रीच्या नेहमीच्या, आज मोकळ्या जागेवरून वळवली. उत्तर आलं आणि रेंगाळलं.

आम्ही खूश झालो. यावेळी अक्कांचा लपवलेला गोळा आम्ही पकडला होता. सेल्वम फावडं घेऊन खणायलाही लागला. मी अक्कांना फोन लावला. मागे लग्नाचं नादस्वरम वाजत होतं.

"अक्का, छत्रीखालचा गोळा सापडला."

त्यांचा आवाज एकदम हळू झाला.

"तेथ मी काही पुरिलं नाही. फावडं टाकू नोको म्हण त्याला, हातातच राहू दे. आल्या पावलांनी मागं या."

सेल्वमला हे तमिळमध्ये सांगताना जीभ वळेना.

बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. गोळा जुना होता आणि भरलेला होता. कुणाचा, कधीचा, कळलं नाही. त्याच्यापासून चार बोटांवर छत्रीच्या दांड्याचं भोक होतं, असं पथकप्रमुखानं सांगितलं. आमचं सगळं लोखंड रोज तिथंच, म्हणून त्या जागेवरून गाडी कधी फिरलीच नव्हती.

अक्का लग्नाच्या रेशमी साडीतच धावत आल्या होत्या. ते ऐकून मातीत बसल्या. मी त्यांचा हात धरला. मला रडू आलं, त्यांना आलं नाही.

"तुम्हा सगळ्यांना मीच तेथ जेवायला बसवलं, कन्ना," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या मैदानावर आल्या नाहीत. पुढे नोकरीही सोडली. फोन केला तर जेवलास का, एवढंच विचारतात.

आता कुठल्याही मैदानावर गेलो की जेवायची जागा आम्ही सगळ्यांत आधी तपासतो. नवीन छत्रीही आणली आहे. पण जमीन साफ निघाली तरी ती रोवायला कुणाची टाच उचलत नाही. आम्ही उन्हातच जेवतो.