पगडी आणि दुर्बीण

नानासाहेबांना बिनपगडीचं पाहिलेला माणूस अमरावतीत नव्हता. कोर्टात पगडी, बाजारात पगडी, तापाने फणफणले तरी पगडी. घरी त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी तरी पाहिलं असेल का, अशी आम्हा ज्युनिअर वकिलांना शंका असे. विचारायची छाती कुणाची झाली नाही. मी त्यांच्याच हाताखाली वकिली शिकलो. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी इतका की जज्जसाहेबसुद्धा दमून पुढची तारीख देत.

शेंदूरजनाघाटचे किसनभाऊ हे त्यांचे जुने अशील. त्यांच्या संत्र्याच्या नव्या बागेत एक रानडुक्कर शिरायला लागलं आणि रोपं मुळासकट उकरू लागलं. किसनभाऊ हे रडकुंडीला येऊन सांगत होते, तेव्हा नानासाहेब बाररूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमी घरी जा, किसनभाऊ. ते डुक्कर आता माह्यं." शब्द देऊन बसले. घरात परवान्याची रायफल होती, पण नजर अधू. म्हणून विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी रायफलीवर बसवायची दुर्बीण घेतली.

ती बसवायला खाली लोखंडी आधार लागतो. त्याला आम्ही घोडी म्हणायचो. दुर्बिणीबरोबरच्या इंग्रजी कागदात स्पष्ट लिहिलं होतं की घोडी होईल तितकी बुटकी ठेवा, दुर्बीण नळीला टेकू नये एवढं पुरे, आणि गाल रायफलीच्या लाकडी दस्त्यावर घट्ट टेकला पाहिजे. परतवाड्याच्या लोहाराने तशीच करून दिली. पण गाल टेकवायला मान वाकवली की नानासाहेबांची पगडी घसरून डोळ्यांवर यायची. मी म्हणालो, "पगडी काढून पाहता का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भर चौकात धोतर सोडायला सांगितलं होतं.

"ज्यानं हा कागद लिहिला, त्याच्या डोक्यावर पगडी नसंन," ते म्हणाले. "घोडी उंच करू."

लोहाराने ती उंच केली, मग आणखी उंच केली. शेवटी ताठ मानेने, पगडी न हलवता दिसायला लागलं, तेव्हा दुर्बीण रायफलीच्या जवळजवळ वीतभर वर जाऊन बसली होती.

संध्याकाळी आम्ही तिघं बागेच्या बांधाआड बसलो. डुक्कर आलं. "एकेक मिशी दिसून राहिली त्याची," नानासाहेब कुजबुजले आणि त्यांनी चाप ओढला. धाडकन आवाज झाला आणि आमच्या तोंडावर मातीचा ढीग आला. दुर्बीण बांधावरून पाहत होती, नळी मात्र बांधाच्या खाली होती. गोळी समोरच्याच मातीत गेली.

किसनभाऊ डोळे चोळत म्हणाले, "वकीलसाहेब, डुक्कर तं पळालं. बांध मेला." मग बागेकडे पाहून हळूच म्हणाले, "आता मले रोपंच कितीशी उरली?"

त्या दिवशी नानासाहेब जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने बुटकी घोडी बसवून घेतली आणि नेम जमवायला एकटेच नाल्याकडे गेले. संध्याकाळी बांधाशी आल्यावर म्हणाले, "दोघंही तोंडं फिरवा. मी सांगतल्याशिवाय वळायचं नाही."

आम्ही पाठमोरे बसलो. पगडी जमिनीवर ठेवल्याचा हलका आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग बार. "वळा," नानासाहेब म्हणाले. पगडी डोक्यावर होती आणि डुक्कर आडवं पडलं होतं. किसनभाऊंना हुंदका आवरेना.

बाररूममध्ये मात्र बांधाची बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळे पोट धरून हसत होते. नानासाहेबांशी कायम हुज्जत घालणाऱ्या एका वकिलाने विचारलं, "डुक्कर तुमीच मारलं, हे कोनं पाह्यलं?"

"मी पाहिलं," मी ठोकून दिलं.

"खोटं कावून बोलून राहिला?" नानासाहेब माझ्यावर खेकसले. "तुयी पाठ होती माह्याकडं." मग त्या वकिलाकडे वळून शांतपणे म्हणाले, "साक्षीदार नाही. दावा खारीज समजा."

आयुष्यात केलेली एकुलती एक शिकार त्यांनी अशी पुराव्याअभावी सोडून दिली आणि दुपारच्या खटल्याचे कागद चाळायला घेतले. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढे कुणाचाच वाटला नाही.