वाफेवरून मीठ

आत्याच्या खाणावळीत रांधताना कुणी चाखायचं नाही, असा नियम होता. तो आजोबांनी घालून दिला होता. पातेल्यातून चाखणारा माणूस स्वतःच्या जिभेसाठी रांधतो, लोकांसाठी नाही, असं त्यांचं मत. झाकण उचलायचं, डोळे मिटायचे, वाफ नाकाशी घ्यायची. मीठ कमी असेल तर वाफेला एक कच्चा वास येतो. आजोबा गेल्यावर आत्या चुलीपाशी उभी राहिली, लग्नबिग्न राहून गेलं, आणि हा नियम तिनं आजोबांपेक्षाही कडक पाळला. मसुराचं सूप, भात, अंडी, कांद्यावर परतलेले बटाटे, भाजलेला पाव, चहा. एवढंच मिळायचं. टॅक्सीवाले, नर्सबाया, समोरच्या छापखान्यातली माणसं, सगळे तिला आत्याच म्हणत. सख्खी आत्या ती फक्त माझी.

मग तिला ताप आला. उतरला तेव्हा जाताना तिचा वास घेऊन गेला. अंघोळीचा साबण नाकाशी धरून ती बराच वेळ न्हाणीघरात उभी होती. साबण दगडासारखा गप्प होता.

"येईल परत कदाचित," डॉक्टर म्हणाले. "कदाचित नाही येणार."

"मग तुम्हाला फी पण कदाचित देऊ का?" असं म्हणून ती उठली, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही न सांगता खाणावळ उघडली.

त्या दुपारी एका टॅक्सीवाल्यानं सूपचा चमचा तोंडात घातला आणि पाणी मागितलं. त्याच्या शेजाऱ्यानंही मागितलं. छापखान्याचा फोरमन मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"आत्या, आज समुद्रच उकळलात का?"

सगळे हसले. आत्या आत निघून गेली. झालं होतं असं, की तिनं झाकण उचललं, वाफ काही बोलली नाही, म्हणून मीठ घातलं. पुन्हा उचललं, पुन्हा काही नाही, पुन्हा मीठ. चमचाभर सूप जिभेवर ठेवलं असतं तर कळलं असतं. पण ते तिच्या हातून होणारच नव्हतं.

डॉक्टरांकडून कळल्यावर संध्याकाळी बाबा आले. ते तिचे धाकटे भाऊ. जागा दोघांच्या नावावर.

"ताई, पुरे आता. मोबाइलच्या दुकानासाठी एकजण जागा मागतोय. देऊन टाकू. तू घरी बस."

"घरी बसून काय करू? भिंतींना फोडणी घालू?"

"चेष्टा नको. उद्या दूध नासलं तर तुला कळेल? काही जळायला लागलं तर? कुणाला काही झालं म्हणजे?"

बाबा वाईट नव्हते, घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस फार मुद्देसूद बोलतो. शेवटी महिनाअखेरपर्यंतची मुदत ठरली. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर जागा द्यायची.

मी तेव्हा नोकरीच्या शोधात होतो, म्हणजे रिकामाच. आत्यानं मला सोबत घेतलं. "वास माझ्याकडे येत नाही ना? मग मीच जाते त्याच्याकडे." सूप आता अळणीच व्हायचं, मीठ टेबलावर ठेवलेलं असायचं. दुपारची गर्दी ओसरली की खाणावळीला कुलूप लावायचं आणि शहरात जिथं जिथं नाकाला झोंबेल असं काही शिजतं तिथं जाऊन बसायचं. शहरात कुणी नवं आलं तर मी त्याला अजूनही याच ठिकाणी पाठवतो.

पहिलं, स्टेशनामागचं कॉफीचं दुकान. ते एका निवृत्त मास्तरांचं. तिथं बिया डोळ्यांसमोर भाजतात, आणि तो धूर गल्लीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन बसतो. मास्तर कप ठेवताना अजूनही विचारतात, "कळलं का?" आत्यानं कपावर तोंड धरलं. चष्म्यावर वाफ आली. बाकी काही आलं नाही.

दुसरं, पुलाखाली दोघी बहिणी मासे तळतात ते. त्यांचं आपसात भांडण आहे, कशावरून ते त्याच विसरल्यात. एक गिऱ्हाइकाला म्हणते, "तिला सांगा, तेल बदल म्हणावं." दुसरी म्हणते, "तिला सांगा, डोळे बदल म्हणावं." आपण मध्ये बसून निरोप पोचवायचे आणि मासा खायचा. आत्यानं निरोप पोचवले. मासा निम्मा टाकला. हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी एक बेकरी आहे, तिथं पाव बाहेर निघतो तेव्हा ड्यूटी संपलेल्या नर्स नुसत्या उभ्या राहून श्वास घेतात. आत्याही त्यांच्यात उभी राहिली. मग मला म्हणाली, "चल." तिच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं.

घरी ती कशीबशी जेवायची. ओला कागद चावल्यासारखं लागतं, म्हणायची. त्या कागदात मीठ आहे की नाही हे काही तिनं शोधलं नव्हतं. नाक गेलं म्हणजे सगळंच गेलं, अशी तिची खात्री होती.

महिना संपत आला तेव्हा आम्ही घाऊक बाजारातल्या हमालांच्या टपरीवर गेलो. तिथं खुर्च्या नाहीत. पाठीवरचं ओझं उतरवायचं, वाडगा हातात घ्यायचा, उभ्यानं प्यायचं, पुन्हा ओझं. तिथल्या आचाऱ्याला एकही दात नाही, म्हणून सगळे त्याला दातार म्हणतात. दातारनं पातेल्यात डाव बुडवला, तळहातावर थेंब घेतले आणि फुर्रकन ओढले. आत्या शहारली.

"तुम्ही पातेल्यातून चाखता?"

"मग काय पातेल्याला विचारू?"

"लोकांसमोर?"

"लोकांसमोरच चाखावं, बाई. मी आधी मेलो तर लोक वाचतील." हमाल हसले. "घ्या, हात पुढे करा."

आत्याचा हात पुढे झाला, त्याचं तिलाच नवल वाटलं असावं. दातारनं त्यावर दोन थेंब टाकले. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि चोरासारखे ते चाटले. बराच वेळ तिचं तोंड हलत राहिलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

दातारनं पुन्हा चाखलं. "आहे खरं," म्हणाला, आणि चिमूट टाकली.

परत आल्यावर खाणावळीचं कुलूप काढताना ती म्हणाली, "तुझ्या आजोबांना नाक होतं. नियम त्यांना परवडत होता."

दुसऱ्या दिवशी सुतार आला. स्वयंपाकघर आणि टेबलं यांच्यामधली लाकडी भिंत तिनं पाडायला लावली आणि शेगडी ओढून थेट टेबलांपाशी आणली. गिऱ्हाइकं बसल्यावर पदराला हात पुसत मध्ये उभी राहिली.

"मला वास येत नाही. मीठ मी आता चाखून घालते, तुमच्या देखत. दूध ज्याच्या त्याच्या नाकाखाली धरूनच चहात जाईल. काही करपायला लागलं की ओरडायचं. ज्याला पटत नाही त्याची सोय पुढच्या चौकात आहे."

मग फोरमन म्हणाला, "ओरडणाऱ्याला जास्तीचा पाव?"

"ओरडणाऱ्याला ओरडा."

काहीजण खरंच पुढच्या चौकात गेले. जे राहिले त्यांनी वात आणला. साधं पाणी उकळलं तरी कुणीतरी "आत्या, जळतंय!" म्हणून उडायचं. ती रोज सूप चाखायची, आणि चाखताना रोज थोडी लाजायची.

मुदतीच्या दिवशी बाबा आले. मोबाइलवाल्याला संध्याकाळी कळवायचं होतं. शेगडीजवळच्या टेबलावर, माझ्यासमोर बसले. आत्या पाठमोरी अंडी फेटत होती. कढईत कांदा होता. फोरमन आणि एक टॅक्सीवाला कुठल्याशा सामन्यावरून हमरीतुमरीवर आले होते, आणि सगळी खाणावळ त्यांच्यात सामील होती.

मला वास आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांच्या नाकपुड्या हललेल्या दिसल्या. त्यांनाही आला होता. मी थांबलो. ते नुसते बसून राहिले असते तर कढईतून काळा धूर निघाला असता, आणि त्यांना एका शब्दानंही वाद घालावा लागला नसता. त्यांनी कढईकडे पाहिलं. बहिणीच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ वाकलेली होती आणि तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"ताई, कांदा!"

ते इतक्या जोरात ओरडले की सामन्याचं भांडण थांबलं. आत्यानं कढई खाली ओढली, कडेचा काळा कांदा उलथन्यानं बाजूला काढला, उरलेल्यातला एक तुकडा तोंडात टाकून पाहिला.

"कडू नाही झाला," ती म्हणाली. "पण उशीर केलास."

"रोज कोण ओरडणार आहे तुझ्यासाठी?"

"रोज ये."

बाबांनी खिशातून फोन काढला, मोबाइलवाल्याचा नंबर लावला आणि बोलायला बाहेर रस्त्यावर गेले. आत्यानं त्यांच्या जागेवर सूपचा वाडगा ठेवला आणि दुसरा कांदा चिरायला घेतला.