तीस ग्रॅम भात

माझ्या सासूबाई माझ्या हातचं खाऊन तीन महिने उपाशी राहिल्या.

आज आईंना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर एकच चाललंय, "सुनेनं लेकीसारखं केलं." हात जोडलेले इमोजी. मला एकालाही थँक यू म्हणवलं नाही.

म्हणून इथे खरं काय ते लिहितेय.

आईंची शुगर चारशेवर गेली तेव्हा डाएटिशियनने चार्ट दिला. सगळं ग्रॅममध्ये. सकाळी पोहे तीस ग्रॅम, दुपारी भात तीस ग्रॅम, डाळ वीस.

आईंचा सगळा संसार वाटीच्या मापावर झालेला. मी म्हटलं, अंदाजपंचे कारभार आता बंद. त्याच संध्याकाळी खंडेराव मार्केटजवळून डिजिटल काटा आणला.

आणि शिजलेला भात त्यावर ठेवून तोलायला लागले.

शिजलेला, तीस ग्रॅम. करून बघा कधी. दोन घास होतात.

पोहेसुद्धा भिजवून, फोडणी देऊन मग तोलायचे. केवढी हुशार मी!

पहिल्या दिवशी आई हसल्या. "अगं, हे जेवण आहे की प्रसाद?"

मग म्हणाल्या, "तीस ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे तांदूळ गं. त्याचा लहान वाटीभर भात होतो."

अगदी बरोबर सांगत होत्या.

मी म्हणाले, "आई, तुमच्या वाट्यांनीच शुगर इथवर आणली. आता मी देईन तेवढंच."

त्यांनी ते दोन घास खाल्ले आणि पुन्हा मापाचा विषय काढला नाही.

नागरवाड्यातला आमचा तिसरा मजला, आईंचे गुडघे गेलेले. खाऊचे डबे मी माळ्यावर टाकले. शेजारच्या मीनाबेनना बजावलं, आईंना काही देऊ नका. मग मी आणि माझा नवरा निनाद ऑफिसला जायचो, आणि आई संध्याकाळपर्यंत घरात एकट्या.

वजन उतरत होतं. मी ग्रुपवर टाकायचे, "चार किलो डाउन!" लोक शाबासकी द्यायचे.

तिसऱ्या महिन्यात डाएटिशियनने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि गुजरातीत विचारलं, "बा, भूख लागे छे?"

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ना बेन. बधुं बराबर छे."

तिला पटलं नाही. तिने मला विचारलं, कसं तोलता? मी कौतुकाने फोनमधला फोटो दाखवला.

"अरे बेन! आ तो काचा चोखानुं वजन छे. रांधेला भातनुं नहीं!" चार्टमधलं वजन कच्च्या तांदळाचं होतं, शिजलेल्या भाताचं नाही.

रिक्षात मी रडले. आईच माझा हात थोपटत होत्या. "तू काय मुद्दाम केलंस का गं?"

मुद्दाम नव्हतं केलं. पण त्यांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर आई दोन वर्षं होत्या. गेल्या त्या हार्टने. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही.

पण ती दोन वर्षं रोज दुपारी भात वाढून घेताना त्या थांबायच्या.

"एवढा घेऊ का गं?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटात.

मी म्हणायचे, "आई, विचारू नका हो, घ्या." त्या "बरं" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

माप सुधारलं. त्यांच्या मनातला माझा धाक काही गेला नाही. मला तो घालवता आला नाही.

तेव्हा आज माझं कौतुक करू नका, प्लीज.

आई, माझ्याकडे न बघता एकदा तरी पोटभर जेवायला हवं होतं तुम्ही.

वाकून नमस्कार.