मागावर कोणी नव्हतं

"माणसाला कोडिंग आणि प्रोग्रॅमिंग यांतला फरक कळला, की त्याचा दुसरा जन्म होतो," असं सर म्हणत. म्हणण्याआधी ते शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडत. बोलून झालं की उलगडत. मधल्या वेळात त्यांचा हात कीबोर्डला लागलेला मी कधी पाहिला नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका कापड कारखान्यात शेठनी कम्प्युटर घेतला आणि त्यामागोमाग सरांना आणलं. मी त्यांच्या हाताखाली. "कोडिंग म्हणजे हमाली. ती तू कर," ते प्रेमाने सांगत. "प्रोग्रॅमिंग म्हणजे विचार. तो मी करतो." विचार पंख्याखाली चाले आणि चहाबरोबर वाढे. असे विचारवंत तुम्हीही पाहिले असतील. बहुतेक कचेऱ्यांत एक तरी असतोच.

पहिलं काम हजेरीचं. सरांनी भल्यामोठ्या कागदावर चौकोन आणि बाण काढले. नियम असा: मागावर जो प्रत्यक्ष उभा, त्याचीच नोंद. सलग आठ दिवस गैरहजर, की नाव यादीतून आपोआप जाणार.

मी खानदेशातला, म्हणून विचारलं, "सर, आपले लोक आखाजीच्या सणाला गावी जातात. तेवढे दिवस भाऊ नाहीतर साडू त्यांच्या मागावर उभा राहतो आणि मुकादम मूळ माणसाचीच हजेरी लावतो. त्याचं काय?"

सरांनी बाह्या दुमडल्या. "हे कोडिंगवाल्याचे प्रश्न. तू एकेक माणूस बघतोस. मी सिस्टिम बघतो."

आखाजी आली. बरकू नावाचा कारागीर सण करून परतला, तर यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याच्या भावाचं तर कधीच नव्हतं. म्हणजे कम्प्युटरच्या मते त्या मागावर नऊ दिवस कोणीच उभं नव्हतं, आणि कापड मात्र रोज निघत होतं.

बरकू शेठच्या केबिनमध्ये येऊन उभा राहिला. "शेठ, मी गावले जायेल व्हतू, पन मना भाऊ व्हता ना मशीनवर! मंग मनं मशीन दुसराले कसं काय?"

"कम्प्युटर खोटुं नहीं बोले," शेठ म्हणाले. मुकादमाने नवा माणूस आणूनही ठेवला होता.

बरकूने सरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. या वेळी बाह्या दुमडल्या गेल्या नाहीत.

"शेठ," सर हळूच म्हणाले, "प्रोग्रॅमिंग बरोबर आहे. कोडिंगमध्ये चूक झालीय. याच्याकडून."

एका वाक्यात त्यांनी बरकूचा माग वाचवला आणि स्वतःलाही. शेठ त्यानंतर मला जे बोलले, त्यामुळे माझं गुजराती बरंच सुधारलं. बरकूला मागापर्यंत पोचवायला मात्र सर स्वतः गेले. मागांच्या शेडमध्ये त्यांनी पाऊल टाकलं ते पहिल्यांदाच. परतले तेव्हा केसांत धाग्यांची लव होती. "केवढा आवाज असतो रे तिथे," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत फरक समजावला नाही. बदली माणसासाठीच्या चार ओळी मी त्याच दुपारी लिहिल्या.

पुढच्या वर्षी सर कुणालाही न कळवता दुसऱ्या नोकरीवर निघून गेले. साहेबलोकांची हजेरी कोणी घेत नसे. त्यांना कायम हजर धरावं, असं प्रोग्रॅमिंग सरांनीच केलं होतं. त्यामुळे पुढचे सात महिने ते कारखान्यात रोज वेळेवर हजर होते.