धुरपताबाईची चिमूट

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या साली धुरपताबाई अहमदपूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. एकतीस वर्षं तिनं तिथं एकच नियम पाळला. जेवणारीनं ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वाढायचं. 'नको' हा शब्द तिला ऐकू येत नसे असं नाही. ती त्याला लाजणं समजायची. तिच्या हातचं खाऊन शिकलेल्या बाया आजही बसस्टँडवर भेटल्या की तिच्या गळ्यात पडतात आणि आधी आपल्या पोटावर हात ठेवून हसतात.

अशा बाईच्या हाती तिच्या लेकीनं मासे दिले. आता याला काय म्हणावं?

लेक पंचशीला नांदेडला मत्स्य खात्यात नोकरीला. निवृत्त आई रिकामी बसून शेजाऱ्यांना जेवू घालत सुटली आहे, हे तिला कळत होतं. शिवाय साल दुष्काळाचं. लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं, धुरपताबाईच्या वस्तीत आठवड्याला एक टँकर, आणि बाजारात पालेभाजी औषधालाही नव्हती. पंचशीलानं अंगणात प्लॅस्टिकची मोठी टाकी बसवली, तिच्यात चाळीस चिलापी मासे सोडले. वर लोखंडी घोड्यावर खडीनं भरलेले तीन टब, त्यांत पालक. छोटी मोटर माशांचं घाण पाणी टबात चढवायची, मुळं त्यातली घाण खायची आणि स्वच्छ पाणी परत टाकीत ठिबकायचं. तेच पाणी गोल फिरत राहायचं. उन्हानं आटेल तेवढंच वरून घालायचं.

"टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते, माशांना सोसत नाही. दोन दिवस उघडं ठेवून मगच घाल," पंचशीलानं बजावलं. "आणि खाद्य सकाळी एकदा, चिमूटभर."

पाण्याचा नियम धुरपताबाईनं तंतोतंत पाळला. पण चिमूट? तिच्या स्वयंपाकघरात चिमटीनं फक्त हिंग पडत असे.

वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या जेवणासाठी विहारात बैठक बसली. भाजी कुठंच नाही, तेव्हा यंदा नुसती खीर करू, असं ठरत आलं होतं. धुरपताबाई उठून उभी राहिली. "डाळ-पालक माझ्याकडं. सत्तर मान्सं जेवतील," ती म्हणाली आणि खाली बसली. सगळ्या वस्तीसमोर दिलेला शब्द होता, आणि टबात पालक तरारून आला होता. तिला फार बरं वाटलं.

पौर्णिमेला सहा दिवस राहिले असताना सकाळी ती टाकीपाशी गेली, तर पाण्याला आंबूस वास. तीन मासे मरून उताणे तरंगत होते. बाकीचे वर येऊन तोंडं उघडीत होते. मासे गेले की पाणी नासणार, पाणी नासलं की पालक जाणार. बदलायला पाणी तर वस्तीत कुणाकडंच नव्हतं. तिनं नांदेडला फोन लावला.

"आई, काय खाऊ घातलंस?"

"काय न्हाई. भाकरीचा चुरा. थोडा."

"किती वेळा?"

"सकाळी. दुपारी. आन् कुणी बघाया आलं तर तेवढा."

"कोण कोण येतं?"

सगळी वस्ती येत होती. रस्त्यापलीकडचे हणमंतराव तर रोज. त्यांची विहीर आटलेली, शेतात काम नाही. ते अर्धी भाकर खिशात घालूनच यायचे. पाहुण्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

"मासे नाही जेवले आई, पाणी जेवलं," पंचशीला म्हणाली. "चुरा तळाशी कुजलाय, तो गाळ काढ. मोटर बंद पडली तर तांब्यानं उंचावरून पाणी पाड, हवा मिसळू दे. आणि पाच दिवस एक कणही घालू नकोस."

"पाच दिस उपाशी?"

"पाच दिवस."

गाळ काढणं सोपं गेलं. अवघड होतं ते पुढचं. तिची सावली पडली की सदतीस मासे वर यायचे. माणूस ओळखायची जनावरं ती. आणि लाईट तर रोज जाणार, तांब्या घेऊन तिला जावंच लागणार. मग ती डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढून, तोंड भिंतीकडं करून, बाजूबाजूनं टाकीपाशी जाऊ लागली. सासऱ्यासमोरसुद्धा तिनं एवढा पदर घेतला नव्हता.

"अक्का, हे काय करून राहिलात?" हणमंतरावांनी विचारलं.

"वळखू नये म्हणून. तुमची भाकर खिशातच ठिवा. पथ्य हाय त्यांचं."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाचं तरी अन्न परत पाठवलं होतं. त्या दुपारी तिला स्वतःलाही घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी वास कमी झाला. चौथ्या दिवशी मासे वर यायचे थांबले. मेले की काय? वाकून पाहते, तर तळाशी मजेत फिरत होते, शेपट्या हलवत. ती तिथंच फरशीवर बसली आणि पदराआड खूप हसली, थोडी रडलीही.

पौर्णिमेला पंचशीला आली. मायलेकींनी मिळून पालक खुडला, हणमंतराव टोपली धरून उभे होते. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी. "इतका कसा माजला गं?" आईनं विचारलं. पंचशीला म्हणाली, "तुझ्या पाहुण्यांच्या भाकरी. पाण्यात मुरल्या, त्याच वर चढल्या."

विहारात वंदना झाली, पंगत बसली. धुरपताबाई पळी घेऊन निघाली. हणमंतरावांनी दोनदा घेतलं, बोटं चाटली, आणि तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरला. "बस, अक्का. माझीच भाकर मला किती वाढता?"

पळी हवेत थांबली. पंगतीतल्या बाया बघतच राहिल्या, कारण ती पळी आजवर कधी थांबली नव्हती. धुरपताबाईनं लेकीकडं पाहिलं. मान हलवली. तिला पटलं होतं.

"बरं. मंग चिमूटभरच घ्या," ती म्हणाली, आणि बोटांच्या फटीतून भरलेली पळी सोडली.