गोल कडेची गाठ

अलिबागला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचे एक्स-रे फोटो, करणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना अगं-तुगं करतात आणि ओरडतातच. आम्ही नागावच्या बायका तालुक्याला जायचं म्हणून नटून, काखेत पावडर थापून जातो. ती फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटते. "लग्नाला आलीस काय? पूस आधी!" हे मी दर खेपेला ऐकलंय.

बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आधीच फोटोवरून गाठीचा स्वभाव सांगायची बाईंना भारी हौस. "कॅन्सर असलाच तर काटेरी कडेचा परवडला. तो बहुतेक हार्मोनवाला निघतो, गोळ्यांना ऐकतो. गोल, गुळगुळीत दिसतो ना, तोच कधीकधी दगा देतो." माणसांनाही त्या हाच नियम लावत असाव्यात. गोडबोल्या औषधवाल्यांना दारातही उभं करत नाहीत.

यंदा माझ्या फोटोत गाठ दिसली. बाईंनी फोटो दोनदा पाहिला. मग म्हणाल्या, "बसा हं ताई. चहा घेता?"

बाईंनी मला आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"कड कशी आहे?" मी विचारलं.

"गोल आहे. बायोप्सी करू, रिपोर्ट येऊ द्या."

रिपोर्ट येईपर्यंत गाठीपेक्षा त्या चहानेच माझी झोप उडवली.

कॅन्सर होताच. पण लहान, आणि चक्क हार्मोनवाला. बाईंचा अंदाज चुकला होता. त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला आणि माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"रडतेस काय? ऑपरेशनला तरी पावडर थापून जाऊ नकोस!"

बाहेर येऊन मी नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "अहो, ओरडल्या!"